आकांक्षाचे डोळे

अमोलने पंखा बंद केला, तशा ओसरीतल्या साऱ्या बाया त्याच्याकडे पाहू लागल्या. मे महिना होता. बाळापूरकडच्या त्या गावात सकाळीच अंगण तापलं होतं. चटईवर त्याची बहीण आकांक्षा निजवलेली होती. पहाटे तिचं हृदय थांबलं. त्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. ते एकोणीस वर्षं चाललं हेच पुष्कळ, असं डॉक्टर म्हणाले.

"लाव रे पंखा," त्याची आई मैनाबाई म्हणाली. "तिले गरमी सहन होत नाही, माहीत नाही का तुले?"

"आई, वाऱ्यानं डोळे सुकतात तिचे."

त्याने बहिणीच्या मानेखाली उशी सरकवली. मिटलेल्या पापण्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या. अकोल्याच्या नेत्रपेढीत फोन केला तेव्हा त्यांनीच त्याला हे सगळं सांगितलं होतं. डोळ्याच्या बुबुळावर काचेसारखा एक पातळ पडदा असतो. माणूस गेल्यावरही तो काही तास चांगला राहतो. तेवढ्या वेळात काढला, तर दुसऱ्या कुणाला त्यातून दिसू शकतं. मात्र त्यासाठी आईची परवानगी लागत होती, आणि आईला त्याने अजून विचारलंच नव्हतं.

विचारायचं काम नेत्रपेढीतल्या दीपमालाचं होतं. नेत्रपेढीची गाडी दाराशी थांबली. डॉक्टर गाडीतच बसून राहिले आणि ती एकटी आत आली. कुणीतरी खुर्ची पुढे केली, पण ती मैनाबाईशेजारी खाली बसली. मग हळू आवाजात तिने सारं समजावून सांगितलं. चेहरा बिघडत नाही. पापण्या मिटलेल्याच राहतात. पाहणाऱ्याला काही कळतसुद्धा नाही.

"कोणाले लावता?" मैनाबाईने विचारलं.

"नाव सांगता येत नाही, मावशी. पण लय लोकं वाट पाहून राहिले. शाळेत जाणारे लेकरंबी हायेत त्याइच्यात."

मैनाबाई लेकीच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"वैनी, हो म्हणू नका." खांबाशी बसलेला गोवर्धन, तिचा दीर, बोलला. भाऊ गेल्यावर हे घर त्यानेच सांभाळलं होतं. आकांक्षाला लहानपणी खांद्यावर घेऊन अकोल्याच्या दवाखान्यांच्या पायऱ्याही त्यानेच चढल्या होत्या. "जे इथं काढून घेतलं, ते पुढं भेटत नाही. डोळे देले तं पोरगी पुढच्या जल्मी आंधळी येईन. या जल्मी फाटकं काळीज घेऊन आली बिचारी. आता डोळेबी घेता का तिचे?"

"काका, पुढचा जन्म-बिन्म काही नसते!" अमोलचा आवाज चढला. तो अमरावतीला इंजिनिअरिंगला होता. रडून रडून त्याचा चेहरा सुजला होता. "माणूस मेला का संपला. संध्याकाळी तिची राख होईन. कुठंच नसन ती मंग. त्या राखेत डोळे घालण्यापरीस..."

तो पुढचं बोललाच नाही. मैनाबाईच्या तोंडून एक आवाज निघाला होता, कुणी पाठीत काठी घालावी तसा.

गोवर्धनने दीपमालाच्या गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं. त्यावरचं आडनाव वाचून ती बौद्ध आहे हे त्याला कळलं. "तुमचं बरं हाये, बाई. तुमच्यात आत्माबी नाही आन् जल्मबी नाही. तुमाले काय जाते मागाले?"

"नाही मानत आमी, भाऊ," दीपमाला म्हणाली. "पण लेकरू गेलं का आमच्याबी घरी चूल पेटत नाही."

गोवर्धनची मान खाली गेली. "तसं नव्हतं म्हणायचं मले," तो पुटपुटला.

अमोल दीपमालाकडे आशेने पाहत होता. काकाचं म्हणणं खोटं आहे, असं तिने एकदा ठणकावून सांगावं, असं त्याला वाटत होतं. तिलाही ते खोटंच वाटत होतं. पण ज्या घरात मूल गेलं आहे, त्या घरात वाद घालून जिंकायचं नसतं, एवढं ती या कामात शिकली होती. अशा बोलण्यावरून ती कितीतरी दारांतून परत फिरली होती. हे दारही त्यातलंच, असं समजून तिने पर्स उचलली.

"मावशी, तुमचं मन मानत नसन तं नका देऊ. कोणी नाव ठेवणार नाही तुमाले. मी निघतो."

ती उठली, तोच मैनाबाईने तिच्या ओढणीचं टोक धरलं. पण बोलली ती दिराशी.

"भाऊजी, तुमी म्हणता ते खरं हाये? का मले भेव दाखवाले म्हणता?"

"तुमाले कशाले भेव दाखवू, वैनी? खरंच सांगून राहिलो. आंधळी येईन ते."

"पण येईन?"

गोवर्धनला प्रश्न कळला नाही. "येईन नं," तो म्हणाला. "येणं कोणाले चुकते?"

मैनाबाईने अमोलकडे एकदा पाहिलं. मग लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि ओढणीचं टोक सोडून दिलं.

"बलवा, ताई, तुमच्या डॉक्टरले. घ्या डोळे. त्या लेकरायले दिसू द्या. माही पोरगी आंधळी आली तं येऊ द्या, तिचा हात धराले मी हावो."