चालू स्थितीत

"चार पत्ते खेळायला एवढा महागडा कॉम्प्युटर?" बोईसरच्या दुकानात भगवंतराव बायकोच्या कानाशी कुरकुरले. तारापूरच्या कारखान्यातली नोकरी आपण होऊन सोडली, आता घरी जरा विरंगुळा हवा, असं ते वर्षभर सगळ्यांना सांगत होते आणि सुगंधाही शेजारी बसून मान डोलवत होती.

दुकानदाराने निम्म्या किमतीतला एक जुना कॉम्प्युटर पुढे केला. "कारखान्यातून आलाय, काका. एकदम चालू हाय. त्यांनी नवे घेतले, म्हणून जुने काढून टाकले."

भगवंतराव दाराकडे वळलेच. "चल गं. यात नक्की काहीतरी बिघाड असणार. चांगलं चालतं मशीन कोण काढून टाकेल?"

सुगंधा जागची हलली नाही. हळूच म्हणाली,



"तुम्हाला काढलं, तेव्हा तुमच्यात काय बिघाड होता हो?"