नावाने हाक

"थँक यू, सुलक्षणा," मोहनराव म्हणाले, आणि फियोनाने टाळ्या वाजवल्या.

फियोना म्हणजे त्यांना पुन्हा बोलायला शिकवणारी थेरपिस्ट. स्ट्रोकमध्ये लुळा पडलेला उजवा हात हळूहळू हलू लागला होता. बोलणं मात्र पार पुसलं गेलं होतं. म्हणून फियोना घरातल्या माणसांचे फोटो पुढे धरून एकेक नाव घोटून घ्यायची. मुलाचं, मिहीरचं नाव आधी आलं. आज बायकोचं आलं, तेही थँक यूसकट. बायकोने फक्त पाण्याचा ग्लास पुढे केला होता.

मिहीरने फोनवर सगळं टिपलं. सुलक्षणाबाई कशाबशा हसल्या, ग्लास उचलून स्वयंपाकघरात गेल्या आणि बाहेर आल्याच नाहीत.

मोहनराव एडिनबरातले नावाजलेले सर्जन. हातात कात्री देणाऱ्या नर्सलाही नाव घेऊन थँक यू म्हणायचे. हॉस्पिटलात त्यांच्या रीतभातीचं केवढं कौतुक! ती रीतभात बुटांबरोबर दाराशीच राहायची. घरात नुसतं 'अगं'. अगं, टॉवेल. अगं, माझा चष्मा कुठाय? त्यांच्या पिढीत बायकोला नाव असायचं, पण लग्नपत्रिकेपुरतं. सुलक्षणाबाई सुरुवातीला रुसल्या, मग सरावल्या. पुढे पुढे तर दुकानात कोणी दुसऱ्याच बाईला 'अगं' म्हटलं, तरी यांची मान वळायची.

मिहीर आत आला तेव्हा त्या ओट्याशी उभ्या राहून रडत होत्या.

"आई, तू खूश नाही? बाबाला तुझा नाव आठवला!" तो आपल्या स्कॉटिश मराठीत म्हणाला.

"अरे, नाव घेऊन थँक यू तर ते वॉर्डातल्या नर्सलाही म्हणायचे. मला ते नर्सच समजतायत रे. माझी ओळखच राहिली नाही त्यांना."

अशा वेळी इथली माणसं जे करतात तेच मिहीरने केलं. केटल लावली, मगात टीबॅग टाकली, वरून थंड दूध ओतलं आणि चहा बाहेर नेऊन वडिलांपुढे ठेवला.

मोहनरावांनी एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं. डाव्या हाताने चहाचा मग दूर सारला. त्यांनी फियोनाकडे पाहिलं, मिहीरकडे पाहिलं, मग दोघांच्या डोक्यावरून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"अ... अगं," जीभ अडखळली. त्यांनी पुन्हा जोर लावला. "अगं, चहा!"

सुलक्षणाबाई ओल्या हातांनी धावत बाहेर आल्या.

फियोनाला एवढंच कळलं, की यावेळी नाव आलं नाही. तिचा चेहरा पडला. तिने बाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"सॉरी. असं होतं कधीकधी. तुमचं नाव आपण परत आणू."

"राहू दे गं ते नाव," सुलक्षणाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आत्ता कुठे त्यांनी मला हाक मारली."