अर्थिंग

वॉशिंग मशीनला हात लावला की शॉक बसतो, असं कामवाली मावशी चार दिवस सांगत होती. "मला बरा बसत नाही! कामाचा कंटाळा, दुसरं काय," म्हणत मालकीणबाई मशीनवर हात ठेवून दाखवायच्या.

मावशीचा हात कोपरापर्यंत बधिर झाला, तेव्हा कुठे वायरमनला बोलावणं गेलं. टेस्टर लावताच तो ओरडला, "बाई, बॉडीत करंट उतरलाय! तुमच्या पायात रबरी चपला, म्हणून वाचलात. मावशी ओल्या फरशीवर अनवाणी. करंट त्यांच्यातूनच जमिनीत जातो. अर्थिंग करून घ्या, नाहीतर जीव जाईल त्यांचा."

आपण खोटं बोलत नव्हतो हे सिद्ध झालं, म्हणून मावशीला भरून आलं.

"म्हणजे चपला घातल्या की आम्हा घरच्यांना धोका नाही ना?" असं दोनदा विचारून बाईंनी वायरमनला वाटेला लावलं. मग वळून म्हणाल्या, "मावशी, मशीन लावून घ्या."