सात फुल्या

शहराच्या ऐन मध्यावर उरलेल्या चार एकर प्राचीन वनाला समितीने ‘अडथळा’ ही पदवी बहाल केली. वाहनतळासाठी सात वृक्ष तोडण्याच्या आदेशावर सात सह्या झाल्या. सातवी वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिकाबाईंची होती. ‘निदान बाकीचे तरी वाचतील’ म्हणून, संताप गिळून केलेली.

सकाळी सगळे तोडणीला जमले, तेव्हा सातही खोडांवर काल खुणेसाठी मारलेल्या लाल फुल्या नाहीशा झाल्या होत्या.

“बाई, फुल्या तुम्हीच पुसल्यात ना?” अध्यक्ष गरजले.

“पुसल्या असत्या तर त्यांच्याखालचं शेवाळ राहिलं असतं का, साहेब? का तेही तुम्हाला शिकवायचं?”

“पुरे तुमचं प्रवचन! रंग आणा रे!” म्हणत ते पाठमोरे झाले.

त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर ओली लाल फुली होती. पुढे निघालेल्या पाचही सदस्यांच्या पाठींवर तशीच.

सहा, बाईंनी मोजल्या. आयुष्यात प्रथमच त्यांना न्यायाचा निर्मळ आनंद झाला.

मग मागे यांत्रिक करवत सुरू झाली आणि तोडणीचा मुकादम नेहमीच्या अदबीने म्हणाला,

“सातवी तुमच्या पाठीवर आहे, बाई. जरा हलू नका.”