खरीखुरी सून

कझाकस्तानातल्या शिमकेंतच्या कुल्याशची मुलगी नाझेर्के लग्नानंतर वर्षभरातच रडत माहेरी आली. "चहा आवडला नाही की सासूबाई चार माणसांत माझ्या अंगावर ओततात गं."

कुल्याश आपली तुर्की मालिका बघत होती. आवाजही कमी न करता म्हणाली, "असलं फक्त मालिकेत होतं, पोरी. गुपचूप घरी जा."

यंदा त्याच सासू-सुनेची निवड खऱ्या कुटुंबांवरच्या एका टीव्ही कार्यक्रमासाठी झाली. पहिल्याच भागात सासूने भरला प्याला सुनेच्या अंगावर रिकामा केला. मागे व्हायोलिन वाजलं, नाझेर्केचा चेहरा पडदाभर झाला आणि कुल्याशकडे जमलेल्या शेजारणींना हुंदका आवरेना.

कुल्याशने लेकीला फोन लावला. "माझ्या पोरीच्या अंगावर चहा? आत्ताच्या आत्ता निघून ये! बघतेच मी त्या बाईकडे!"





"आता कशी येऊ, आई? शेवटच्या भागात मी सासूबाईंपुढे वाकून माफी मागते. शूटिंग कालच झालं. सगळे म्हणाले, अगदी खरं वाटलं."