टप घासू नका

"टपाला पॉलिश पेपर लावू नका, जावईबापू. वरूनच रंग मारा," सासरे तिसऱ्यांदा म्हणाले.

त्यांची जुनी फियाट मी हौसेने नवी करत होतो आणि ते सकाळपासून खुर्ची टाकून राखण करत होते. अपघात लपवलाय, की गाडीच चोरीची? ते चहाला आत गेले तसा मी टप घासला. पांढऱ्या रंगाखाली पिवळा निघाला. दार घासलं, तर काळा.

म्हणजे टॅक्सी. आम्हाला मात्र त्यांनी बँकेत नोकरीला होतो म्हणून सांगितलं होतं.

बाहेर येताच ते थबकले. "लग्नाच्या आठवडाभर आधी रंगवून घेतली. टॅक्सीवाल्याची मुलगी तुमच्या घरच्यांनी केली नसती."

मी पेपर खाली ठेवला. "मीटर आहे का अजून?"

ते आत जाऊन घेऊन आले. आम्ही लग्नात दिलेल्या मानाच्या शालीत गुंडाळलेला होता.