वाटीतला फासा
टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट खेळायची, हा आमचा कॉलेजातला विषय. सरांचा नियम एकच: फासा हातात असेपर्यंत बोलाल ते पात्राचं, स्वतःचं काही सांगायचं तर फासा वाटीत ठेवायचा. आज परीक्षा होती. माझं पात्र जहाजावरची सुतारीण. मधल्या सुट्टीत दादाचा फोन आला. मी परत येऊन जागेवर बसले आणि फासा उचलला. “वादळ आलंय,” सर म्हणाले. “सुतारीणबाई, काय करणार?” “बाबा गेले,” मी म्हणाले. “छान कलाटणी! पण पटत नाही गं. बाप गेल्यावर कुणी बस चुकल्यासारखं सांगतं का? पुन्हा बोल.” तसंच बोलले. “डोळ्यांत टिपूस नाही. अर्धेच मार्क.” मैत्रीण खुदकन हसली. मी मूठ उघडली. तळव्यावर फाशाचे कोपरे उमटले होते. फासा वाटीत ठेवला आणि तेच वाक्य, त्याच आवाजात, तिसऱ्यांदा म्हटलं.